फोटो आमचा, जाहिरात त्यांची

मागच्या वर्षी आषाढात लोहाऱ्याच्या एस. टी. स्टँडसमोर माझा फोटो लागला. दहा फुटी फ्लेक्स, त्यावर डोक्यावर पदर घेऊन शिलाई मशीनजवळ हसत बसलेली मी, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत कर्जाची जाहिरात. जामीनदार नको, कटकट नको, आठवड्याला हप्ता. फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. आमच्या बायकांच्या गटाला एका खाजगी कंपनीनं कर्ज दिलं, तेव्हा कॅमेरा घेऊन एक पोरगा आला होता. "मावशी, जरा हसा की," म्हणाला, म्हणून हसले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा पुष्कळ आहेत. गंमत अशी की कर्ज मी काढलं होतं ते विहिरीवरच्या मोटारीसाठी. मशीन माझ्या आईनं लग्नात दिलेलं, पंचवीस वर्षांचं जुनं. पण मोटारीजवळ चिखलात उभी असलेली बाई त्या पोराला पसंत पडली नसावी.

शेजारच्या वैनी म्हणाल्या, "लई भारी दिसायलाव की फोटूत!" सासूबाईंनी विचारलं, "किती पैसे भरलीस गं त्याला?" वाढदिवसाला पुढारी लावून घेतात तसा मीच लावून घेतला असणार, असं त्यांना वाटलं. राग आला तो आमच्या मालकांना. (हा शब्द मला आवडत नाही, पण गावात दुसरा चालत नाही.) हॉटेलात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "घर बायकूच्या कर्जावर चाललंय म्हना की!" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मला न विचारता माझा फोटो लावला, हे मात्र कुणाला खटकलं नाही. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस मलाही खटकलं नव्हतं. पदर नीट होता, साडी बरी होती. स्टँडवर उतरलं की तिकडं नजर जायची आणि जरा बरंच वाटायचं. खटकलं ते मुलीचा फोन आल्यावर. ती तेव्हा उमरग्याला बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती, तिथंच राहायची. तिला मैत्रिणीनं फोटो काढून पाठवला होता. तिनं सरळ विचारलं, "आई, तुला विचारलं होतं का? आणि पैसे किती दिले? जाहिरातीतल्या बाईला याचे पैसे देतात, माहितीये ना?"

ह्या मुलीला पुण्याला जाऊन जाहिरातीचं शिक्षण घ्यायचं होतं. जाहिरातीचा मजकूर लिहिणं हे एक काम असतं, त्याचे पगार मिळतात, हे मला तिच्यामुळं कळलं. लहानपणी ती दुकानांच्या पाट्या वाचून त्यातल्या चुका काढायची आणि दुकानदारांना सांगून त्यांचा राग ओढवून घ्यायची. पण तिच्या वडिलांनी आधीच नाही म्हणून सांगितलेलं. "त्या लायनीत काय चालतं ते आम्ही बघितलंय." कुठं बघितलंय, तर सिनेमात. आणि हे मी त्यांची थट्टा म्हणून लिहीत नाही. मीसुद्धा तिथंच बघितलं होतं.

मैत्रिणींनो, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात जाहिरात कंपनीचं ऑफिस कुणी पाहिलेलं नसतं. पूर्वी भिंती रंगवणारा पेंटर असायचा, आता फ्लेक्स छापणारा असतो. मुंबईतलं ते ऑफिस, तिथली माणसं, तिथल्या बायका आम्हाला माहीत आहेत त्या सिनेमातून. तेही 'सगळ्या घरानं मिळून बघावा' अशा सिनेमातून, कारण दुसऱ्या प्रकारचे सिनेमे बायकांच्या वाट्याला येतच नाहीत. माझ्या लहानपणी नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा असायचा, तेव्हाही घरातली मोठी माणसं आधी चौकशी करून यायची, बायका-पोरांना दाखवण्यासारखा आहे का. टीव्ही आला तरी चौकशी तशीच राहिली. पोरांसमोर मान खाली घालावी लागू नये, एवढीच कसोटी. म्हणजे कपडे बघायचे. बाईला वागवतात कसं, हे त्या कसोटीत येतच नाही.

या कसोटीला उतरून आमच्या घरात शिरलेले जाहिरातवाल्यांचे दोन सिनेमे सांगते. १९९७ चा 'येस बॉस' आणि १९९९ चा 'बीवी नं. १'. दोन्ही टीव्हीवर कितीतरी वेळा लागले आणि आम्ही सगळे मिळून हसलो.

'येस बॉस'मध्ये शाहरुख खान जाहिरात कंपनीत नोकरीला. स्वतःची कंपनी काढायचं त्याचं स्वप्न. पण रोजचं काम काय, तर साहेबाच्या भानगडी त्याच्या बायकोपासून लपवणं. जुही चावला मॉडेल व्हायला निघालेली, तिच्यावर साहेबाचा डोळा, आणि मधली सोय लावायची ती यानंच. शेवटी त्याचं मन फिरतं, खरं प्रेम जिंकतं, सगळं गोड होतं. पण त्या धंद्याबद्दल प्रेक्षकाच्या डोक्यात काय उरतं? तिथं बाईला जागा दोनच. एक फोटोत, दुसरी साहेबाच्या घरी फसवून घ्यायला.

'बीवी नं. १' तर याच्याही पुढं गेला. सलमान खान जाहिरात कंपनीचा मालक. घरी बायको करिश्मा कपूर, दोन मुलं, सासू. सुष्मिता सेन ही मॉडेल. नवरा मॉडेलच्या नादी लागतो. मग बायको काय करते? ती स्वतःच मॉडेल होते. केस, कपडे, चाल सगळं बदलते, आणि नवरा परत येतो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर माल तोच, वेष्टन नवं. नवऱ्याला मात्र वेष्टन बदलायला कुणी सांगत नाही. तो होता तसाच परत येतो आणि त्याचीच आरती होते. पोरांसमोर आम्हाला मान खाली घालावी लागली नाही. माझ्या सासूबाईंना शेवट फार आवडायचा. आणि हाच सिनेमा बघून आमच्या मालकांचं मत झालं की जाहिरातीच्या लाइनीत गेलेली मुलगी एक तर सुष्मिता होणार, नाही तर करिश्मा.

हे आपल्याकडंच असतं असं नाही. मुलीनं मला एक इंग्रजी सिनेमा दाखवला, 'व्हॉट विमेन वॉन्ट', २००० सालचा, अमेरिकेतला. मेल गिब्सन जाहिरात कंपनीत आहे. त्याला हवी असलेली वरची जागा एका बाईला मिळते. पुढं विजेचा धक्का बसतो आणि त्याला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. त्या जोरावर तो त्याच बाईच्या कल्पना चोरतो. निदान इथं ऑफिसात डोकं चालवणारी बाई तरी आहे. पण बायकांना काय हवंय हे कळायला विजेचा धक्का कशाला पाहिजे होता, विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं का? मी हे म्हणाले तर मुलगी म्हणते, "मग सिनेमा पाच मिनिटांत संपला असता."

सगळेच सिनेमे असे नसतात. सई परांजपे यांचा १९८१ चा 'चश्मे बद्दूर' पुष्कळ जणींनी बघितला असेल. दीप्ती नवल एकीकडं गाणं शिकते आणि एकीकडं दारोदार जाऊन 'चमको' नावाची धुण्याची पावडर विकते. फारुख शेखच्या घरी ती कपडा बुडवून, फेस करून, प्रात्यक्षिक दाखवते. परक्या पुरुषाच्या खोलीत एकटी मुलगी, तरी त्या प्रसंगात चावटपणाचा शिंतोडा नाही. ती कुणाच्या मालाचं चित्र नाही, ती माल विकते. बोलते ती, पटवते ती, पैसे मिळवते ती. जाहिरात हे एक काम आहे आणि बाई ते करते, एवढंच त्यात आहे. आमच्या गटातल्या बायका मसाला आणि शेवया घेऊन आठवडी बाजारात बसतात तेव्हा याहून वेगळं काय करतात? २०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' केला तो पुण्याच्या गौरी शिंदे यांनी, ज्या आधी जाहिरातपट करायच्या. त्यांची आई घरी लोणच्यांचा व्यवसाय करायची. त्यातल्या शशी गोडबोलेचे लाडू सगळ्यांना हवेत, पण त्या कामाला काम म्हणायला घरात कुणी तयार नाही. जाहिरातीच्या जगातून आलेल्या बाईनं केलेला तो सिनेमा आमच्या सासूबाईंनी रडत बघितला.

दिवाळीला मुलगी घरी आली. फ्लेक्सचा विषय निघाला की आमच्याकडं अजून तोंडं वाकडी व्हायची. तिनं काही वाद घातला नाही. मोबाइल टीव्हीला जोडला आणि २०१४ चा मराठी 'पोस्टर बॉईज' लावला. "कॉमेडी आहे, दिलीप प्रभावळकर आहेत," एवढंच सांगितलं. सगळे बसले.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. समीर पाटील यांनी दिग्दर्शित केलेला, श्रेयस तळपदेची निर्मिती. गावाकडच्या तीन पुरुषांचे फोटो सरकारच्या पुरुष नसबंदीच्या पोस्टरवर लागतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांनी ऑपरेशनही केलेलं नसतं. दिलीप प्रभावळकर, हृषीकेश जोशी आणि अनिकेत विश्वासराव ह्या तिघांचं आयुष्य त्या एका कागदानं उलटंपालटं होतं. कुणाच्या घरचं लग्न अडतं, कुणाचा संसार मोडायला येतो, कुणाची जुळत आलेली सोयरीक हुकते. मग आपला फोटो कुणी लावला, का लावला हे विचारत ते सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. पुढं २०१७ मध्ये त्याचा हिंदी अवतारही आला.

सरकारची जाहिरात ही जाहिरातच. किंबहुना आपल्या देशात जाहिरातीचं सगळ्यात मोठं दुकान कुटुंबनियोजनानंच मांडलं. लाल त्रिकोण आठवतो ना? आई, बाप, दोन मुलं अशी ती चार हसरी तोंडं एस. टी. च्या पाठीवर, शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यात, आगपेटीवर. १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आलं तेव्हा चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी ते आपल्या दुकानांच्या जाळ्यातून खेड्यापाड्यांत पोचवलं होतं. त्यामुळं 'पोस्टर बॉईज' हा जाहिरातीवरचाच सिनेमा आहे, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात आमच्या घरचा.

आमच्या घरात खोखो हसले सगळे. मास्तरच्या फजितीला तर मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मध्येच ते म्हणाले, "असं विचारल्याबिगर फोटू लावतेत व्हय? केस करायला पाहिजे." मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग हिचा लावला तवा कुठं गेलता तू?" ह्या म्हाताऱ्या बाईनं एवढं बरोबर जागी बोट ठेवलं, आणि मी इतकी वर्षं तिला बीवी नंबर वनची चाहती म्हणून हिणवत आले.

मला 'पोस्टर बॉईज' मनापासून आवडला, म्हणून त्याच्यावर माझी तक्रारही आहे. हसू कशावर येतं ते जरा तपासा. पुरुषाचं ऑपरेशन म्हणजे अब्रू गेली, ह्या समजुतीवर. सिनेमा त्या समजुतीची टिंगल करतो हे मान्य. पण तिघांची धडपड आहे ती 'आम्ही केलेलं नाही' हे जगाला पटवण्याची. ह्याच पोस्टरवर तीन बायका असत्या तर? सिनेमा झालाच नसता. बायकांचं ऑपरेशन ही बातमीच नाही.

माझं ऑपरेशन तिसऱ्या बाळंतपणानंतर एका शिबिरात झालं. तेव्हा घरात पहिल्यांदा विषय निघाला तसा सासूबाईंनीच मोडून काढला होता, "त्यानं शेतात वझं उचलायचं असतंय, त्याला कशाला?" आणि मी काय उचलत होते? पाण्याच्या घागरी, कडब्याच्या पेंढ्या, कडेवर पोर. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी खुरपायला गेले होते. कुणाला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही. आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या बायकांची ही कथा आहे.

देशाची कथाही हीच. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या. सक्ती, लाच, धाक सगळं त्यात होतं. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पुरुष चिडले, सरकार पडलं, आणि त्यानंतर कुठल्याही सरकारनं पुरुषांच्या वाटेला जायची हिंमत केली नाही. सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, टाके नसलेलं, त्याच दिवशी घरी जाण्यासारखं. तरी हे आकडे.

'पोस्टर बॉईज' आला त्याच २०१४ सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत त्र्याऐंशी बायकांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि डझनभराहून जास्त बायका मेल्या. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. एका पोस्टरनं तीन पुरुषांची अब्रू जाते यावर आपण दोन तास हसलो. त्या बायकांचे फोटो एक दिवस पेपरात आले, तेही नातेवाइकांच्या हातातल्या पासपोर्ट फोटोंच्या रूपात.

हे लिहिताना सई परांजपे यांच्या आई आठवतात. शकुंतला परांजपे यांनी १९३७ च्या 'कुंकू'मध्ये काम केलं, आणि पुढं र. धों. कर्वे यांच्याबरोबर संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलं. लोक कर्व्यांना अश्लील म्हणत, त्यांच्यावर खटले भरत. त्या काळात एक बाई हे उघडपणे बोलत होती. कर्व्यांवर 'ध्यासपर्व' हा अमोल पालेकरांचा सिनेमा २००१ मध्ये आला. शकुंतलाबाई मात्र त्यांच्या कामाच्या मानानं फार थोड्यांना माहीत आहेत.

आता जरा आपल्या चळवळीकडं वळते. हे मी बाहेरची म्हणून बोलत नाही, शिबिरांना येऊन आलेली आहे. आपण अश्लील पोस्टरना काळं फासलं, ते योग्यच होतं. १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला, तोही हवाच होता. पण त्या कायद्याची नजरही शेवटी कपड्यांवरच जाते. १९९५ मध्ये मुंबईत एका बुटांच्या जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण ही आपली मराठी माणसं विवस्त्र दिसली, त्यावरून खटला भरला गेला आणि तो २००९ पर्यंत चालला. सगळे सुटले. चौदा वर्षं कोर्ट ह्या वादात अडकलं, आणि त्या दोघांनी तर आपण होऊन, पैसे घेऊन काम केलं होतं. उलट, अंगभर लुगडं नेसलेल्या बाईचा चेहरा तिला न विचारता वापरला तर त्यात असभ्य काय, असंच सगळे म्हणणार. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. आमच्या तालुक्यातलं सास्तूर जमीनदोस्त झालं. त्यानंतर कॅमेरे आले. ढिगाऱ्यावर बसून रडणाऱ्या बायकांचे चेहरे देशभर छापले गेले, मदतीच्या आवाहनांवरही छापले गेले. मदत आली, हे मी नाकारत नाही. पण त्यातल्या कितीजणींना कुणी विचारलं होतं? आणि विचारायचं तरी कसं, ती वेळ होती का, हेही मला कळतं. तरी त्यानंतर तीस वर्षांनी स्टँडवर लागलेला माझा हसरा चेहरा काही भूकंपातला नव्हता. तिथं विचारायला वेळ होता.

मोठ्या माणसांना हे बरोबर समजतं. २०२२ मध्ये अमिताभ बच्चन दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आपला चेहरा, आवाज, नाव परवानगीशिवाय कुणी वापरू नये म्हणून, आणि न्यायालयानं तसा आदेश दिला. २०२३ मध्ये अनिल कपूरलाही मिळाला. 'बीवी नं. १'मध्ये करिश्माला मॉडेल होताना साथ देणारा तोच अनिल कपूर. चेहऱ्याला किंमत असते, हे सिनेमावाल्यांना ठाऊक आहे. लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी झळकली ती १९४१ मध्ये, आणि ती होती आपली लीला चिटणीस, शिकलेली, पदवीधर. तेव्हापासून हा व्यवहार रोखठोक आहे. आमच्यासारख्यांच्या चेहऱ्यालाही किंमत आहे, नाहीतर कंपनीनं तो दहा फुटी कशाला केला असता? फक्त ती आम्हाला देत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीतच मुलीच्या पुण्याचा विषय पुन्हा निघाला. मालकांचं पालुपद तेच. मी त्यांना विचारलं, "'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई कोण?" ते जुन्या सिनेमांचे दर्दी. "दुर्गा खोटे," लगेच म्हणाले. मग मी मुलीनं मला सांगितलेलं त्यांना सांगितलं. घरची आर्थिक घडी मोडली तेव्हा ही बाई सिनेमात आली, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाली. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात दोन मुलगे. आणि पुढं तिनं स्वतःची कंपनी काढून वर्षानुवर्षं लघुपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवर १९८८ मध्ये लागलेली 'वागळे की दुनिया' सगळ्या घरानं बघितली, ती तिच्याच कंपनीची. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे सिनेमात दाखवत न्हाईत."

दाखवत नाहीतच. जाहिरातीच्या धंद्यावर घरच्यांसोबत बघण्यासारखा सिनेमा कुणाला काढायचा असेल तर गोष्ट इथं तयार आहे. कॅमेऱ्याच्या मागं उभी असलेली मराठी बाई, दोन मुलांची आई, हिशेबाची वही सांभाळणारी, कंपन्यांच्या साहेबांशी दर ठरवणारी. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. आणि त्यात एखादा प्रसंग असा असावा की फोटो काढायच्या आधी कुणीतरी समोरच्या बाईला नाव विचारतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून काही लुटलं नाही. गटाच्या खोलीत पडदा बांधून 'पोस्टर बॉईज' दाखवला. नवऱ्यांनाही बोलावलं होतं, आठ-दहा आले, दाराजवळ उभे राहिले. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, ऑपरेशन झालेल्यांनी हात वर करा. बायकांचे जवळजवळ सगळे हात वर गेले. दाराकडं बघून तोच प्रश्न विचारला तर तिथं हशा पिकला आणि दोघंजण चपला घालायला लागले. पण एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, उठून म्हणाली, "माझ्या मालकानं केलतं, साठ-सत्तर साली, मला तरास नको म्हनून. गावानं लई हसलं. त्यानी मरुस्तवर कुनाला सांगू नको म्हनला. आज सांगते." कुणी हसलं नाही. मी तिला विचारलं, हे मासिकात लिहू का? ती म्हणाली, "लिही, पर नाव नगं." म्हणून लिहिलं नाही.

कंपनीला मी पत्र लिहिलं, मुलीनं मजकूर सांगितला. त्यांचा माणूस घरी आला आणि माझीच सही दाखवून गेला. कर्जाच्या कागदांत, नवव्या पानावर, इंग्रजीत एक ओळ होती. फोटो वापरायला माझी हरकत नसल्याची. आम्ही तेवीस बायकांनी तिथं सह्या केल्या होत्या, दोघींनी अंगठे. दुसरं पत्र पाठवलंय, त्याचं उत्तर नाही. फ्लेक्स गणपतीतच उतरला होता, तिथं एका पुढाऱ्याचा वाढदिवस लागला. उतरवलेला फ्लेक्स आमच्याच शेजाऱ्यानं कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला. छापील बाजू आत घातली आहे, पाणी गळत नाही म्हणाला.

मुलीचा पुण्याच्या प्रवेशाचा अर्ज उन्हाळ्यात भरला. पालकाच्या सहीच्या जागी माझी सही आहे. चार पानं होती, सगळी वाचून घेतली, मग केली.